कावळ्याचा विलंब : काकस्पर्शाच्या प्रसंगातील विनोद आणि त्याची वाङ्मयीन रूपे

१

मराठी माणसाच्या आयुष्यात कावळा दोन वेळा घासाशी येऊन बसतो. लहान मुलाला भरवताना आई एक घास काऊचा आणि एक घास चिऊचा म्हणते आणि मूल तोंड उघडत नसेल, तर तो घास काऊ नेईल अशी भीती घालते. पुढे तेच मूल म्हातारे होऊन मरते, तेव्हा त्याच्या नावाने ठेवलेल्या भाताच्या पिंडाला कावळा कधी शिवतो याची वाट पाहत त्याचे आप्त नदीकाठी उभे राहतात. पहिल्या प्रसंगी कावळ्याने घास नेऊ नये अशी इच्छा असते, दुसऱ्या प्रसंगी त्याने तो न्यावा म्हणून हात जोडले जातात. या दोहोंच्या मध्ये कावळा हा हाकलून लावण्याचा पक्षी असतो.

धीट किंवा चतुर पक्षी आणि माणूस यांच्या गाठीभेटींतील गंमत सामान्यतः पक्ष्याच्या खोडकरपणात शोधली जाते. पक्ष्याने खाऊ पळविला, वस्तू लपविली, नक्कल केली आणि माणूस फजीत झाला, असा त्या कथांचा साचा असतो. मराठी परंपरेतील कावळ्याच्या बाबतीत मात्र हा साचा अपुरा पडतो. येथे विनोद कावळा काही करतो म्हणून निर्माण होत नाही. तो काही करीत नाही, नुसता बसून राहतो, म्हणून निर्माण होतो. त्याच्या न येण्यामुळे माणसाला बोलावे लागते आणि जे एरवी बोलले गेले नसते, तेही चारचौघांत बोलावे लागते. कावळ्याचा हा विलंब, त्या विलंबात होणारे माणसाचे बोलणे आणि त्या बोलण्याची मराठी वाङ्मयातील रूपे यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

या विलंबाचा विचार करताना प्रथम पक्ष्याच्या स्वभावाकडे पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारे कावळे मुख्यतः दोन. राखी मानेचा, काहीसा सडपातळ असा गावकावळा, आणि संपूर्ण काळा, जाड चोचीचा डोमकावळा. त्यांपैकी गावकावळा माणसाच्या वस्तीला इतका चिकटून राहतो की, माणसापासून दूर, निर्जन रानात तो सहसा आढळत नाही. त्याचे अन्न, त्याचे घरटे आणि त्याचे दिवसाचे वेळापत्रक ही सारी माणसाच्या व्यवहाराशी जुळलेली असतात. मासळीबाजार, खाटीकखाना, शाळेची मधली सुट्टी आणि घरामागची भांडी घासण्याची जागा या ठिकाणी तो वेळेवर हजर असतो.

या निकट सहवासामुळे त्याच्या अंगी दोन परस्परविरोधी गुण एकत्र आलेले दिसतात. एक धीटपणा आणि दुसरा संशय. मुलाच्या हातातील पोळी तो झडप घालून नेईल, परंतु अंगणात प्रथमच मांडलेल्या अन्नाच्या ताटाजवळ तो चटकन जाणार नाही. आधी तो वरच्या फांदीवर बसेल, मान तिरकी करून एका डोळ्याने खाली पाहील, खाली उतरून तिरक्या उड्या मारीत जवळ येईल, ऐन वेळी मागे उडेल आणि पुन्हा फांदीवर जाऊन ओरडेल. त्याच्या ओरडण्याने आणखी कावळे जमतील आणि अखेर त्यांतील एखादा धीट कावळा चोच मारून उडून जाईल. अपरिचित मांडणीविषयीचा हा संशय काककुळातील पक्ष्यांचा सुपरिचित गुणधर्म आहे. पक्ष्याच्या दृष्टीने त्यात काहीच गूढ नाही. मधोमध अन्न, भोवती कोंडाळे करून आणि डोळे रोखून उभी असलेली माणसे, हे दृश्य कोणत्याही सावध पक्ष्याला थबकविणारेच आहे. ज्या घाटांवर रोज क्रियाकर्मे होतात, तेथील कावळ्यांना या मांडणीची सवय झालेली असल्यास ते लगेच उतरतात. जेथे असा विधी क्वचित होतो, तेथे ते खोळंबतात. पितृपंधरवड्यात घरोघरी पाने वाढलेली असतात. तेव्हा पोट भरलेल्या कावळ्याला घाई नसते, एवढाच त्याच्या उदासीनतेचा अर्थ असू शकतो.

मान तिरकी करून पाहण्याच्या सवयीमुळे कावळा ‘एकाक्ष’ ठरला. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळची वस्तू न्याहाळताना त्याला मान वळवावी लागते. संस्कृत शास्त्रकारांनी त्यावरून ‘काकाक्षिगोलकन्याय’ बनविला. कावळ्याचे एकच बुबुळ गरजेप्रमाणे दोन्ही खोबणींत फिरते, अशी समजूत त्यामागे आहे, आणि वाक्यातील एकच शब्द दोन्हीकडे अन्वित होत असेल, तेथे हा न्याय लावला जातो.

कावळा माणसाला पाहतो, एवढेच नव्हे तर ओळखून ठेवतो, हे आता प्रयोगानेही दिसून आले आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही फिरू लागले, की कावळे त्याच्याभोवती गलका करीत. तुलनेसाठी वापरलेला दुसरा मुखवटा अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या चेहऱ्याचा होता. त्याच्या वाटेला कावळे फारसे गेले नाहीत. हा कावळा निराळ्या जातीचा आहे, हे लक्षात ठेवूनही एवढे म्हणता येईल की, घाटावर माणूस कावळ्याकडे टक लावून पाहत असतो, तेव्हा कावळाही त्याच्याकडे तितक्याच चिकित्सेने पाहत असण्याची शक्यता आहे.

३

कावळ्याला हा अधिकार कसा मिळाला, याची कथा वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात येते. मरुत्त राजाचा यज्ञ चालू असताना रावण तेथे येतो. त्याच्या भीतीने यज्ञाला आलेले देव पशुपक्ष्यांची रूपे घेऊन लपतात. इंद्र मोर होतो, वरुण हंस, कुबेर सरडा आणि यम कावळा होतो. रावण निघून गेल्यावर देव आपापल्या रूपात परततात आणि ज्यांच्या रूपाने आपला जीव वाचला, त्या प्राण्यांना वर देतात. यम कावळ्याला सांगतो की, माणसांनी दिलेले अन्न तू खाल्लेस, म्हणजे माझ्या लोकात असलेले त्यांचे भुकेले आप्त तृप्त होतील. मुळातच ही कथा विनोदाच्या अंगाने जाणारी आहे. ज्याच्या भीतीने सारे जग कापते तो यमच भिऊन कावळ्याच्या रूपात दडतो, आणि मृतांच्या तृप्तीची सारी व्यवस्था त्या फजितीच्या क्षणाची परतफेड म्हणून अस्तित्वात येते.

दुसरी कथा सुंदरकांडातील आहे. अशोकवनात हनुमंताला ओळखीची खूण म्हणून सीता चित्रकूटावरील एक प्रसंग सांगते. एका उद्दाम कावळ्याने तिला चोचीने घायाळ केले. रामाने दर्भाची एक काडी अभिमंत्रून त्याच्यावर सोडली. इंद्राचा पुत्र असलेला तो कावळा तिन्ही लोक हिंडला. कोठेच आसरा न मिळाल्याने तो रामालाच शरण आला आणि सोडलेले अस्त्र वाया जाऊ नये म्हणून एक डोळा देऊन सुटला. पुढील परंपरेत हा कावळा जयंत या नावाने ओळखला जातो. पहिल्या कथेतील कावळा उपकारकर्ता आहे, दुसऱ्या कथेतील अपराधी. मराठी लोकमानसातील कावळ्याविषयीच्या दुटप्पी भावनेची ही दोन टोके म्हणता येतील.

तथापि येथे एक भेद नजरेआड होता कामा नये. यमाच्या वरात कावळा मृताचे मुख आहे. त्याने खाल्ले की पितर तृप्त होतात, एवढेच तेथे सांगितले आहे. त्याने खाल्ले नाही तर मृताची काही इच्छा उरली आहे असे समजावे, आणि ती पूर्ण करण्याचे वचन दिल्यावर तो खातो, हा भाग त्या वरात नाही. प्रत्यक्ष घाटावरील कावळा मात्र केवळ मुख राहिलेला नाही, तो न्यायाधीश झालेला आहे. मुखाचे न्यायाधीशात झालेले हे रूपांतर लोकाचाराने घडविले आहे आणि ज्या विनोदाचा येथे विचार करावयाचा आहे, तो सर्वस्वी या रूपांतरावर उभा आहे.

४

नाशिकचे रामकुंड, पुण्याचा ओंकारेश्वर, मुंबईचे बाणगंगा किंवा एखाद्या लहान गावातील ओढ्याकाठ, दहाव्या दिवशीचा हा प्रसंग सर्वत्र साधारणतः एकाच क्रमाने घडतो. पिंड मांडले जातात, गुरुजी मंडळींना दूर सरायला सांगतात, आणि सर्वांचे डोळे झाडाकडे लागतात. कावळा लगेच आला तर विधी शांतपणे संपतो. ‘समाधानाने गेले’ असा अभिप्राय उमटतो आणि मंडळी पांगतात. तो आला नाही तर मात्र नाट्याला आरंभ होतो.

पहिला टप्पा तर्काचा असतो. कशात जीव अडकला असेल, याची कुजबुज सुरू होते. दुसरा टप्पा वचनाचा. कर्ता पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्याने सांगतो की, आईला आम्ही अंतर देणार नाही, धाकटीचे लग्न थाटाने करू, भावाला शिकवू. कावळा आला नाही, तर वचने वाढत जातात. जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो, अर्धवट बांधलेल्या घराचा निघतो, कोणाकडून घेतलेल्या उसन्या पैशांचा निघतो. एकेक आप्त पुढे येतो. ज्याचे मृताशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, असा एखादा भाऊही पुढे ढकलला जातो. तिसऱ्या टप्प्यात बोलणे मृताच्या आवडीनिवडीकडे वळते. त्याला भजी आवडत, तंबाखूवाचून त्याचे चालत नसे, चहा जरा जास्तच लागे, असे कोणाला तरी आठवते, आणि त्या पदार्थाची पिंडाशेजारी स्थापना होते. शेवटी यातील कशाचाच उपयोग झाला नाही, तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श पिंडाला घडविला जातो आणि विधी पूर्ण झाला असे मानले जाते.

या क्रमातील विनोदाचे विश्लेषण केले असता त्याची तीन अंगे दिसतात. पहिले अंग पदांच्या उलथापालथीचे. एरवी ज्याला खडा मारून हाकलतात, त्याच्यापुढे घरातील कर्ता पुरुष आर्जव करतो, आणि त्या आर्जवाला कावळा मान तिरकी करण्यापलीकडे काहीही उत्तर देत नाही. दुसरे अंग चढत्या बोलीचे. बाजारात घासाघीस करताना गिऱ्हाईक किंमत वाढवीत जाते, तशी येथे वचने वाढतात. फरक इतकाच की, समोरच्या पक्षाने आपली अपेक्षा कधीच सांगितलेली नसते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे अंग उघडकीचे. कुटुंबाने झाकून ठेवलेल्या गोष्टी, कोणाला काय मिळाले नाही, कोणावर अन्याय झाला, म्हातारीला कोण सांभाळणार, हे सारे कावळ्याच्या निमित्ताने चारचौघांसमोर येते. जे प्रश्न कोणी उघडपणे विचारू धजला नसता, ते एक पक्षी काहीही न विचारता विचारतो.

येथे व्यवहाराचाही एक धागा आहे. गुरुजींना पुढचे काम असते, मंडळींना गाडी गाठायची असते आणि ऊन चढत असते. शोकाला काळाचे भान नसावे अशी अपेक्षा असते, परंतु घाटावर सगळ्यांचेच लक्ष घड्याळाकडे जाते. घाटावरील जीवन आणि तेथील अर्थव्यवहार यांचे दर्शन बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ या कादंबरीत घडते. पैठणच्या घाटाच्या आधाराने पोट भरणाऱ्या मुलाच्या नजरेतून हा विधी पाहिला की, तो जितका परलोकाचा तितकाच इहलोकाचा असल्याचे ध्यानात येते. या कादंबरीवरील चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला.

५

साहित्यशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग अडचणीचा आहे. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याच्या सहा पायऱ्या कल्पिल्या. पुढे ‘साहित्यदर्पणा’त रसांच्या परस्परविरोधाचा विचार करताना हास्य आणि करुण हे विरोधी रस मानले गेले. घाटावर मात्र हे दोन रस एकमेकांना मारक ठरत नाहीत. रडून डोळे लाल झालेली माणसेच भज्यांची पुडी आणायला कोणाला तरी पिटाळतात, आणि त्या क्षणी उमटणारे हसू ओठांबाहेर पडत नाही. भरताच्या पायऱ्यांत सांगायचे तर ते स्मिताच्या पायरीवरच रोखलेले असते. प्रसंग संपल्यावर, घरी परतताना किंवा पुढे अनेक वर्षांनी, तेच हसू मोकळेपणाने बाहेर पडते. अमक्याच्या वेळी कावळा शिवेना, मग कोणी काय कबूल केले, ही हकीकत कुटुंबात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. काकस्पर्शाच्या विनोदाचे खरे स्थान घाटावर नसून या नंतरच्या सांगण्यात आहे. तेथे तो कथा बनतो.

मराठीतील विनोदाच्या एका प्रमुख परंपरेपासून हा विनोद वेगळा काढावा लागतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’पासून रूढींच्या उपहासाची जी परंपरा सुरू झाली, तिच्यातील विनोदकार रूढीच्या बाहेर उभा राहून तिच्यातील विसंगती दाखवितो, त्याचा हेतू सुधारणेचा असतो. घाटावरील विनोद रूढीच्या आत जन्मतो. हसणारा माणूस स्वतः हात जोडणाऱ्यांपैकीच एक असतो. कावळा येण्यामागे काही संकेत आहे, असे त्याला पूर्णपणे वाटतही नाही आणि तसे काही नाहीच, असे म्हणण्याचे धाडसही त्या क्षणी त्याला होत नाही. विश्वास आणि अविश्वास यांच्यामधल्या या जागेत उपहासाला वाव नसतो, विनोदाला मात्र असतो.

६

कावळ्याची मनधरणी हा प्रकार केवळ मृत्युविधीपुरता मर्यादित नाही. कावळा दारात ओरडला की पाहुणा येतो, ही समजूत सर्वत्र आहे आणि स्त्रियांच्या ओव्यांत माहेरचे माणूस येण्याची आस तिच्याशी जोडलेली असते. ज्ञानेश्वरांच्या विरहिणींपैकी जी काऊला शकुन विचारते, ती सुप्रसिद्ध आहे. तेथे विरहिणी पंढरीरायाच्या आगमनाविषयी कावळ्याला विचारते आणि त्याने अनुकूल शकुन सांगावा म्हणून एकामागून एक आमिषे दाखविते. पाय सोन्याने मढविण्याचे, दहीभाताच्या उंडीचे, दुधाच्या वाटीचे. ही रचना आध्यात्मिक आहे, तिच्यातील आर्तता खरी आहे. परंतु तिचा बाह्य आकार घाटावरील चढत्या बोलीसारखाच आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. बोलणारी एकटी विरहिणी आहे, कावळा शब्दाने उत्तर देत नाही, आणि त्याच्या मौनामुळे तिची वचने वाढत जातात. आर्ततेला येथे एक लडिवाळ, किंचित खेळकर छटा येते ती याच रचनेमुळे. परमार्थाचा विषय असताना एका क्षुद्र पक्ष्याला दहीभाताची लाच देण्यात जी गंमत आहे, ती कवितेला उणेपणा आणीत नाही. उलट त्या गमतीमुळे विरहिणी घरातली, ओळखीची वाटते.

चिऊकाऊच्या लोककथेत हाच आकृतिबंध उलटा झालेला दिसतो. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराच्या दारी येऊन दार उघडण्याची विनवणी करतो. चिमणी दर वेळी बाळाचे एक नवे काम सांगते आणि त्याला थांबवून ठेवते. येथे वाट पाहणारा कावळा आहे, विनवणी त्याची आहे आणि विलंब करणारी चिमणी आहे. कथेचा शेवट प्रांतोप्रांती आणि घरोघरी बदलतो. कोठे कावळा आत जाऊन खाऊ फस्त करतो, कोठे त्याला चटका बसतो. मुलांना मात्र शेवटापेक्षा मधली कामांची यादीच अधिक आवडते, आणि सांगणारीही ती यादी आपल्या घरातील कामांप्रमाणे वाढवीत जाते. म्हणजे येथेही विनोदाचे मूळ विलंबात आणि त्या विलंबात वाढणाऱ्या बोलण्यात आहे. माणसाला आयुष्यभर आणि आयुष्यानंतरही खोळंबवून ठेवणाऱ्या पक्ष्याला बालकथेने एकदा दाराबाहेर उभे केले, असे या कथेविषयी म्हणता येईल.

इसापनीतीतील घड्यात खडे टाकणारा कावळा या दोहोंपेक्षा वेगळा आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या एकोणिसाव्या शतकातील भाषांतरापासून इसापाच्या गोष्टी मराठी शाळकरी मुलांच्या परिचयाच्या झाल्या. तो कावळा एकटा आहे, युक्तिबाज आहे आणि त्याला माणसाची गरज नाही. त्याच्यापासून बोध घेता येतो, परंतु त्याच्याशी बोलता येत नाही. म्हणूनच तो पाठ्यपुस्तकात राहिला. ओव्यांत आणि घरगुती हकीकतींत त्याला स्थान मिळाले नाही.

७

कावळ्याच्या येण्याजाण्याचा अर्थ लावताना भ्रम होऊ शकतो, याची जाणीव परंपरेला नव्हती असे नाही. ‘काकतालीयन्याय’ हा त्याचा स्पष्ट पुरावा आहे. कावळा येणे आणि ताडाचे फळ पडणे या दोन घटना एकाच वेळी घडल्या, एवढ्याने त्यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे या न्यायाने सांगितले. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली’ ही मराठी म्हण तेच सांगते. योगायोगाचे नाव घ्यायचे झाले की भाषेला पहिल्यांदा कावळाच आठवला, ही बाब लक्षणीय आहे.

असे असता घाटावर मात्र हा न्याय कोणी उच्चारीत नाही. वचन दिले आणि कावळा उतरला, या दोन घटनांची गाठ तेथे योगायोगाची मानली जात नाही. याचे कारण अज्ञान हे नव्हे. तीच माणसे शेतात, बाजारात, कचेरीत ती म्हण सहज वापरतात. कारण असे की, त्या क्षणी कुटुंबाला कार्यकारणसंबंध सिद्ध करावयाचा नसतो. त्यांना एक निर्णय हवा असतो. मृताच्या पश्चात कोणी काय करायचे, याची वाटणी सर्वांसमोर व्हावयाची असते, आणि तिच्यावर शिक्का मारणारा कोणीतरी तटस्थ असावा लागतो. कावळ्याला कोणाचीच बाजू घेता येत नाही. तो कोणत्या वचनावर उतरेल, हे कोणाच्याही हाती नसते. त्यामुळे ज्या वचनावर तो उतरतो, ते मोडणे पुढे अवघड होते. पक्ष्याच्या संशयी स्वभावातून निर्माण झालेला काही मिनिटांचा अवधी अशा रीतीने एका सामाजिक कराराची जागा बनतो.

८

या कराराला दुसरी बाजूही आहे, आणि तेथे विनोद संपतो. कावळा बोलत नाही, म्हणून त्याच्या मौनाचा अर्थ लावणाऱ्याच्या हाती सत्ता येते. उषा दातार यांच्या कथेवर आधारलेल्या आणि महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘काकस्पर्श’ (२०१२) या चित्रपटाचे बीज नेमके येथे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कोकणात लहान वयाची उमा विधवा होते. तिच्या पतीच्या पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला दीर हरी पुढे होऊन एक शब्द देतो आणि कावळा पिंडाला शिवतो. उमेला कोणत्याही परपुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही, असा तो शब्द असतो. तो तिच्यापासून दीर्घकाळ झाकलेला राहतो आणि तिचे सारे आयुष्य त्याने बांधले जाते. शब्द देणारा स्वतःही त्यात अडकतो.

घाटावरील हास्यप्रसंगाची सर्व अंगे येथे उपस्थित आहेत. कावळ्याचा विलंब आहे, तर्क आहे, वचन आहे आणि उतरणारा कावळाही आहे. नाही ती फक्त उघडकी. वचन मनात दिले गेले, चारचौघांनी ऐकले नाही, आणि ज्या स्त्रीविषयी ते होते तिला तर कोणी विचारलेही नाही. काकस्पर्शाचा प्रसंग विनोदी होतो तो वचने मोठ्याने दिली जातात म्हणून, आणि शोकांत होतो तो वचन झाकून ठेवले जाते म्हणून, असा भेद या दोहोंच्या तुलनेतून हाती येतो. आईला सांभाळण्याचे वचन देणाऱ्या मुलाला आई स्वतः ऐकत असते. पुढे ती त्याला त्याची आठवण करून देऊ शकते. उमेला ती सोय नाही. मृताची इच्छा म्हणून जे सांगितले जाते, ती जिवंतांपैकी कोणाची इच्छा आहे, हा प्रश्न विचारण्याची वाटच तेथे बंद झालेली आहे.

सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडविला आहे. तेथे मेलेले भाऊराव स्वतःच बोलतात. आपले दहन बंद झालेल्या जुन्या स्मशानातच व्हावे असा हट्ट ते धरतात आणि कीर्तनाच्या ढंगात आपल्या मरणाची हकीकत सांगतात. मृताला वाचा मिळाल्याबरोबर कावळ्यासारख्या मध्यस्थाची गरज उरत नाही. अर्थ लावणाऱ्यांची सत्ताही उरत नाही. उरते ती जिवंतांची अडचण, कारण मृताची खरी इच्छा कळल्यावरही ती पूर्ण करणे कोणालाच सोयीचे नसते. ‘महानिर्वाणा’तील काळ्या विनोदाची धार या अडचणीत आहे. कावळ्यापुढे उभ्या असलेल्या कुटुंबाला निदान मृताची इच्छा आपल्या सोयीने ओळखता येते. भाऊरावांच्या कुटुंबाला तेही सुख नाही.

९

वरील विवेचनावरून असे दिसते की, मराठी परंपरेत कावळा आणि माणूस यांच्या भेटीचा एक स्थिर आकृतिबंध आहे. माणूस बोलतो, पक्षी गप्प राहतो, आणि त्या मौनाच्या लांबीप्रमाणे माणसाचे बोलणे वाढत जाते. विरहिणीत तो आर्त होतो, बालकथेत उलटा होतो, घाटावर विनोदी होतो आणि ‘काकस्पर्श’मध्ये शोकांत होतो. या साऱ्यांच्या मुळाशी एका सावध पक्ष्याची अन्नाजवळ येण्यापूर्वी थांबण्याची सवय आहे.

लोकसाहित्याच्या अभ्यासात काकस्पर्शाची नोंद बहुधा विधी म्हणून किंवा अंधश्रद्धा म्हणून केली जाते. पिंडांची संख्या, मंत्र, दर्भाचा कावळा यांची माहिती मिळते. परंतु कावळा येईपर्यंतच्या अवधीत कोण काय बोलले, कोणत्या क्रमाने बोलले आणि कोणाला बोलू दिले गेले नाही, याकडे तितके लक्ष दिले जात नाही. वास्तविक प्रत्येक कुटुंबात अशी एखादी हकीकत असते आणि ती सांगणारी पिढी हयात असेतो ती टिपून घेता येण्यासारखी आहे. ती टिपताना हसू आले तर ते दडपण्याचे कारण नाही. मात्र त्या हकीकतीतील वचन कोणाच्या वाट्याला आले आणि ते कोणी निभावले, हेही सोबत विचारले पाहिजे.